हार्डटेल माउंटन बाइक: मर्यादित पैशांत आधी काय बदलावे?

प्रश्न (खडीवाट):
माझ्याकडे ॲल्युमिनियम फ्रेमची, 29 इंची चाकांची प्राथमिक श्रेणीतील हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) आहे. पुढे स्प्रिंगचा, 100 मिमी दबणारा फोर्क (पुढचे चाक धरणारा दुपायी भाग), तारेवर चालणारे डिस्क ब्रेक, 3×8 (पुढे तीन, मागे आठ चकत्या) गियर आणि 2.1 इंची टायर अशी तिची मूळ रचना असून ती अद्याप तशीच आहे. सुट्या खडीच्या उतारावर वळताना पुढचे चाक घसरते, आणि उतार लांबला की ब्रेक दाबून बोटे आखडतात. जमवलेल्या पैशांत एक बरा एअर (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) फोर्क येईल किंवा त्याऐवजी चार-पाच लहान भाग येतील. फोर्कने हा त्रास कमी होईल का?

उत्तर (मातीचा_माग):
पुढचे चाक घसरते आहे, म्हणून सुरुवात पुढच्या टायरपासूनच करावी. प्राथमिक श्रेणीच्या सायकलींना बहुधा कडक रबराचे आणि बुटक्या गाठींचे टायर दिलेले असतात. ते झिजत नाहीत हे खरे, पण मातीला धरतही नाहीत. कडेला ठळक, सुट्या गाठी असलेला, मऊ रबराचा 2.25 ते 2.35 इंची टायर पुढे लावावा आणि मागचा जुना टायर झिजेपर्यंत वापरावा. घेण्यापूर्वी फोर्कच्या दोन्ही पायांमध्ये चिखलासाठी काही मिलिमीटर मोकळी जागा उरते का, हे मोजून पाहावे.

मात्र नवा टायर लावूनही हवा दगडासारखी कडक ठेवली, तर पैसे वाया गेले असे समजा. ट्यूब असेल तर मध्यम वजनाच्या स्वारासाठी 28-30 पीएसआयपासून (हवेचा दाब मोजण्याचे एकक) सुरुवात करून, एकाच ओळखीच्या वळणावर दर फेरीला दोन पीएसआय कमी करत जावे; रिम दगडावर आपटल्याचा आवाज येऊ लागला की पुन्हा दोन वाढवावेत. मागच्या चाकावर भार अधिक असल्याने तिथे दोन-तीन पीएसआय जास्तच लागतात. पंपावरचा काटा कमी दाबाला फारसा विश्वासार्ह नसतो, त्यामुळे वेगळा दाबमापक ही या यादीतील सर्वांत स्वस्त सुधारणा ठरते.

उत्तर (तार_आणि_तेल):
टायरबद्दल सहमत आहे; ब्रेकबद्दल थोडे सविस्तर लिहितो. तारेच्या बहुतेक साध्या कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) बाहेरचा एकच पॅड हलतो आणि तो रोटरला (चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला) वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. आतला पॅड झिजून दूर गेला की लिव्हरची बरीचशी चाल रोटर वाकवण्यातच खर्च होते, आणि बोटे आखडण्याचे एक कारण तेच असते. आतल्या बाजूचा स्क्रू फिरवून तो पॅड रोटरला जेमतेम घासणार नाही इतका जवळ आणावा, रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि ब्रेकच्या तारेचे बाहेरचे आवरण दाबाखाली आखूड न होणारे, म्हणजे कम्प्रेशनलेस प्रकारचे बसवावे. हे करूनही जोर पडत असेल तर साधा हायड्रॉलिक संच घ्यावा. तो बहुधा तेल भरलेल्या अवस्थेतच मिळतो. रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना कोरलेली असल्यास धातूचे पॅड घेऊ नयेत, कारण त्या रोटरचा पृष्ठभाग त्यांच्यासाठी पुरेसा कठीण नसतो.

उत्तर (जुना_बेअरिंग):
वरील दोघांनी फोर्कचा मूळ प्रश्न बाजूला ठेवला आहे. एअर फोर्क आपल्या वजनानुसार जुळवता येतो आणि रीबाउंडही (दबलेला फोर्क परत उसळण्याचा वेग) बहुतेकदा हाती येतो, त्यामुळे फरक निश्चित जाणवतो. पण अडचण जुळणीची आहे. आपल्या फ्रेमची हेड ट्यूब (पुढची नळी) सरळ 1⅛ इंची असेल तर टेपर्ड स्टीअररचा (त्या नळीत जाणारा दांडा खाली रुंद होणारा) फोर्क तीत सहसा बसणार नाही. हब (चाकाचा मधला भाग) 9 मिमी क्विक-रिलीजचा (लिव्हरने सुटणाऱ्या दांड्याचा) असेल तर 15 मिमी ॲक्सलच्या फोर्कसाठी हब किंवा अख्खे चाक बदलावे लागेल. एवढा खर्च धरल्यावर, चांगला फोर्क मुळात असलेली वापरलेली सायकल घेणे अधिक शहाणपणाचे नाही का, हा विचार अवश्य करावा. 100 ऐवजी 120 मिमीचा फोर्क लावण्याचा मोहही आवरावा: हँडल उंचावते, हेड अँगल (हेड ट्यूबचा कोन) साधारण एका अंशाने कलतो, आणि फ्रेम त्या लांबीसाठी बनलेली नसेल तर तिच्यावरील ताण वाढतो.

गियरना तर चेन आणि मागचे दाते झिजेपर्यंत हातच लावू नये.

खडीवाट:
सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. तपासले असता स्टीअरर सरळ आणि हब 9 मिमीचा निघाला, म्हणजे फोर्कचा विचार सोडला. रिमची आतली रुंदी 19 मिमी आहे. टायर आणि ब्रेकनंतर पैसे उरले तर पेडल घ्यावेत की ड्रॉपर सीटपोस्ट (चालवतानाच सीट खाली-वर करता येणारा दांडा)?

मातीचा_माग:
19 मिमी रिमवर 2.25 इंचीच घ्यावा. त्याहून रुंद टायर कमी दाबाला वळणात कडेवर लुळा पडतो. उरलेल्या पैशांत आधी पिना असलेले रुंद, सपाट पेडल घ्यावेत. ड्रॉपर फार उपयोगी आहे, किंबहुना मला तो फोर्कपेक्षाही मोलाचा वाटतो; पण सीट ट्यूबचा आतला व्यास व्हर्नियरने मोजल्याशिवाय मागवू नये, कारण 30.9 आणि 31.6 मिमी डोळ्यांना सारखेच दिसतात. पेडल बसवताना आट्यांना ग्रीस लावावे, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवावे.