न्यूट्रल तुटला, टीव्ही-फ्रिज जळाले: भरपाई वीज कंपनीने द्यायची की नाही?

अंगणवेल
मे महिन्यातला वळीव. संध्याकाळी साडेसातला वारा सुटला, लाइट एकदा गेली-आली आणि देवघरातला छोटा बल्ब पांढराफटक पेटला. पंखा घरघरायला लागला. टीव्हीतून फट्ट आवाज, पाठोपाठ जळका वास. मी मेन स्विच पाडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. समोरच्या वहिनींकडे मात्र त्याच वेळी दिवे मिणमिणत होते. रात्री वायरमन आला, डीपीवर म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर चढला आणि न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, सुटलेला जंपर (जोडतार) जोडून गेला.

गल्लीतल्या अकरा घरांत काही ना काही जळालं. मेकॅनिकने माझ्या टीव्हीचं कार्ड काढून दाखवलं: मोठ्या कॅपॅसिटरचं डोकं फुगून फाटलेलं, भोवती तपकिरी चिकट ओघळ. टीव्हीचं कार्ड, फ्रिजचं कार्ड, राउटर आणि पाण्याच्या फिल्टरचा ॲडॅप्टर मिळून २१,४०० रुपये. शेजारच्या काकूंच्या शिलाई मशीनची मोटर गेली. ब्लाउज शिवून त्यांचं घर चालतं, आणि ही ऐन लग्नसराई.

सेक्शन ऑफिसात अर्ज घेऊन गेले तर अर्ज घेतलाच नाही. उलट मलाच विचारलं, "स्टॅबिलायझर का नव्हता लावला?" बिल भरायला उशीर झाला की विलंब आकार लागतो, तिथे कुणी कारण विचारत नाही. मग तुमच्या डीपीवरचा जंपर सुटून आमचं घर जळालं तर पैसे तुम्ही द्यायला हवेत. माझं म्हणणं एवढंच आहे.

जुना लाइनमन
ताई, नुकसान झालं याचं वाईट वाटलं. पण खांबावर उभं आयुष्य काढलेला माणूस म्हणून दुसरी बाजू सांगतो. वळवात फांदी तारेवर पडते, खांब वाकतो, जंपर सुटतो. भर पावसात शिडी लावून वर चढणाऱ्याला दोष देणं सोपं असतं. पूर, चक्रीवादळ, वीज पडणं यांसारख्या आपत्तीत वीज नियामक आयोगाची कृती मानकंही (कंपनीच्या सेवेचे ठरलेले निकष) कंपनीला सूट देतात. शिवाय कंपनी पैसे देणार कुठून? उद्या दर वाढले की तुमच्या-माझ्याच बिलातून.

आणि गल्लीत आकडे टाकलेले असतात, एकाच फेजवर (वीज आणणाऱ्या तीनपैकी एकाच तारेवर) सगळ्यांचे एसी असतात, त्याने न्यूट्रल तापतो. त्याची भरपाई कोण देणार? घरात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. दोन-तीन हजारांच्या आत काम होतं, व्होल्टेज वाढलं की तो घराचा पुरवठाच तोडतो. एमसीबीच्या (आपोआप पडणाऱ्या खटक्याच्या) भरवशावर राहू नका, ती करंट बघते, व्होल्टेज नाही.

शेखर_प
काकांशी सहमत. सोसायटीत आम्ही सगळ्यांनी बसवलेत. दरवेळी दुसऱ्याकडे बोट दाखवण्यापेक्षा आपलं घर आपण सांभाळावं. आणि घराचा विमा काढावा, एवढं साधं आहे.

कोरी पाटी
शेखर, विम्याचं इतकं साधं नाही हो. घराच्या नेहमीच्या आगीच्या पॉलिसीत एक अपवाद असतो: विजेचा जादा दाब, शॉर्ट सर्किट वगैरेंनी एखादं विजेचं उपकरण स्वतःच जळालं तर त्या उपकरणाचे पैसे मिळत नाहीत. त्यातून आग पसरून बाकीचं घर जळालं तर मिळतात. वेगळं कव्हर घेतलं असेल तरच उपयोग. वॉरंटी कार्डावरही बहुतेक वेळा व्होल्टेजच्या चढउताराचं नुकसान वगळलेलं असतं. सगळी दारं बंद झाल्यावर माणूस वीज कंपनीकडे जातो, हौस म्हणून नाही.

अंगणवेल
काका, तुमचा मान राखून सांगते. वायरमनवर माझा राग नाही, त्याच्या हातात धड हातमोजेही नव्हते. माझा प्रश्न आहे तो पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीचा. आमच्या डीपीवरची फांदी दोन वर्षं तशीच आहे, तोंडी तीनदा सांगितलंय. त्या दिवशी चक्रीवादळ नव्हतं, वळीव होता, आणि वळीव दरवर्षी येतो.

दुसरं, दोष माझ्या वायरिंगचा म्हणावा तर एका वेळी अकरा घरांत कसा? माझ्याकडे बल्ब फटफटीत आणि समोर मिणमिणता, ही न्यूट्रल तुटल्याचीच खूण ना? न्यूट्रल तुटला की दोन फेजमधले ४०० व्होल्ट घरांच्या लोडवर (चालू उपकरणांच्या भारावर) वाटले जातात, ज्याच्याकडे लोड कमी त्याच्या वाट्याला जास्त. घरगुती पुरवठा २३० व्होल्टच्या ६ टक्के वर-खाली, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मध्ये ठेवायची जबाबदारी कंपनीची आहे. प्रोटेक्टर मी बसवीन. पण मी कुलूप लावलं नाही म्हणून चोराची चोरी माफ होत नाही.

बिलात वाढ होईल म्हणता, तर कंपनीच्या चुकीची भरपाई दरात धरायची नाही असा आग्रह आपण सगळ्यांनी आयोगाच्या सुनावणीत धरू या.

कोरी पाटी
ताई, तोंडी सांगणं सोडा. वीज कायदा २००३ च्या कलम ४२ प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल. मुदत दोन वर्षं. मात्र मंच प्रत्यक्ष नुकसानच धरतो, बुडालेली कमाई धरत नाही. म्हणजे काकूंना मोटरचे पैसे मागता येतील, न शिवलेल्या ब्लाउजचे नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथेही दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. पण एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ नका.

शेखर_प
पण सिद्ध कसं करणार? व्होल्टेज किती चढलं होतं ते कुणी मोजलंय? मेकॅनिकच्या चिठ्ठीवर कंपनीने हजारो रुपये द्यायचे, तर उद्या जुना बंद टीव्ही दाखवूनही लोक पैसे मागतील. ही भीती खोटी नाही.

कोरी पाटी
भीती खरी आहे, म्हणून तर नोंद हवी. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने घरोघरी छोटी यंत्रं बसवून मिनिटामिनिटाचं व्होल्टेज नोंदवलं होतं. आता स्मार्ट मीटरच जादा व्होल्टेजची घटना तारीख-वेळेसह साठवतो. पण ती नोंद कंपनीच्या हातात आणि पुरावा आणायचा ग्राहकाने, हे उलटं आहे. तक्रार आली की नोंद कंपनीनेच समोर ठेवावी. त्यात काही नसेल तर दावा फेटाळा, माझी हरकत नाही.

जुना लाइनमन
हे मला पटतं. भरपाई सरसकट नको, पण डीपीवरचा न्यूट्रल सुटल्याचं नोंदीत दिसत असेल तर मी ताईंच्या बाजूने. मीटरची नोंद लवकर मागा. मेमरी भरली की जुन्या घटना पुसून नव्या येतात. त्या रात्रीचा तुमचा तक्रार क्रमांक लिहून ठेवा, अर्ज घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. विद्युत निरीक्षकांनाही एक प्रत द्या. आणि जळलेलं कार्ड मेकॅनिककडे सोडू नका.

अंगणवेल
कार्ड घेऊन आले, तारीख घालून फोटोही काढले. काकूंची मोटर भंगारवाल्याच्या तराजूवर चढली होती, ती परत आणली. अकरापैकी आठ घरं सही करायला तयार आहेत. उरलेल्या तिघांकडे उद्या सकाळी जाते.