निवांत वित्त विभाग सोडून जास्त तासांची नोकरी घ्यावी का?

प्रश्न:
मी एका उत्पादन कंपनीच्या वित्त विभागात अंदाजपत्रक व नियोजनाचे काम करते. महिनाअखेरची धावपळ आणि वार्षिक बजेटचा हंगाम सोडला, तर आठवड्याच्या ४५ तासांत काम आटोपते. आता कंपन्यांच्या खरेदी-विक्रीबाबत सल्ला देणाऱ्या एका संस्थेकडून ऑफर आली आहे. पगार ४० टक्के जास्त आहे, मात्र आठवड्याला ७० तास गृहीत धरावेत, असे मुलाखतीतच सांगण्यात आले. सध्या त्याच एक्सेल शीटमध्ये दर महिन्याला फक्त आकडे बदलतात, याची बोच आहे. पण मूल लहान आहे, त्यामुळे निर्णय होत नाही. असा बदल केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून तास सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतात आणि पगार ४० टक्क्यांनी, म्हणजे तासाचा मोबदला जवळपास १० टक्क्यांनी घटतो. बोनसने ही तूट भरून निघेल असे सांगितले जाईल, परंतु तो व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून असल्यास मूळ पगारच खरा धरावा.

उत्तर २:
मी असाच बदल केला आणि त्याचे मला समाधान आहे, तरीही एक गोष्ट आधी समजून घ्यावी असे कळकळीने सांगतो. ७० तासांपेक्षा ते तास आपल्या हातात नसणे जास्त जड जाते. दुपारभर वरिष्ठांच्या अभिप्रायाची वाट पाहायची, सायंकाळी सात वाजता सादरीकरणावर दुरुस्त्या येणार आणि ग्राहकाची बैठक सकाळी असल्यामुळे खरे काम तिथून सुरू होणार, हा तिथला नित्यक्रम असतो. कमाल तासांचे नियमही अशा वेळी पुरेसे पडत नाहीत. जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेने २०२४ मध्ये कनिष्ठ बँकरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आणली, तीही चालू व्यवहारांचा अपवाद ठेवूनच. म्हणून ऑफर स्वीकारण्यापूर्वी त्याच चमूतील कनिष्ठ सहकाऱ्याशी बोला आणि मागच्या महिन्यात किती रविवार मोकळे मिळाले, ठरलेली रजा कधी रद्द झाली का, आणि मूल्यांकनाचे मॉडेल (कंपनीची किंमत काढणारे आकडेमोडीचे शीट) तुम्हाला स्वतः उभे करायला मिळेल की केवळ स्लाइड सजवाव्या लागतील, हे विचारा. माझ्या मते शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण मॉडेल बांधायला आणि वाटाघाटी जवळून पाहायला मिळणार नसतील, तर इतके तास देण्यात अर्थ नाही.

उत्तर ३:
प्रकृतीचाही विचार व्हावा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ मधील अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. मोठ्या कंपन्यांत अधिग्रहणाचे, म्हणजे दुसऱ्या कंपन्या विकत घेण्याचे, काम पाहणारा अंतर्गत विभाग असतो. काम तेच, पण ग्राहक एकच, त्यामुळे वेळापत्रक बरेचसे आवाक्यात राहते. तुमच्या कंपनीत तसे काही आहे का?

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. आमच्याकडे असा विभाग आहे, परंतु तिथे बदली मागण्याचा विचार मी आजवर केला नव्हता. तिथल्या प्रमुखांशी या आठवड्यात बोलेन आणि तोवर संस्थेकडे उत्तरासाठी मुदत मागेन. मॉडेल कोण बांधते, हा प्रश्न दोन्हीकडे विचारणार आहे.