विज्ञानातील पीएचडी : पैसा कोणाकडून आला?

एम.एस्सी. संपत आलेल्या अनेकांना पीएचडी करायची असते, पण पाच वर्षे घरी पैसे मागणे शक्य नसते. ज्यांनी अर्थसाहाय्यासह संशोधन केले आहे किंवा जे सध्या करीत आहेत, त्यांनी आपला मार्ग, आणि मुख्यतः पैसा नेमका कोणाकडून आला, हे लिहावे.

रसायनशास्त्र, पुणे
मला सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली. जानेवारी 2023 पासून तिची रक्कम दरमहा 37,000 रुपये असून, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ अधिछात्रवृत्ती) झाल्यावर ती 42,000 होते. घरभाडे भत्ता वेगळा. ही अधिछात्रवृत्ती आपल्या नावावर असल्यामुळे मार्गदर्शकाकडे निधी आहे की नाही, यावर सारे अडत नाही. मात्र जेआरएफ म्हणजे प्रवेश नव्हे. एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) असो वा आयसरसारखी विज्ञान संस्था, मुलाखत वेगळी द्यावी लागते, आणि तिथे एम.एस्सी.च्या प्रकल्पावरच खोलात जाऊन विचारतात. रक्कम कधीकधी महिनोन्‌महिने रखडते, म्हणून सुरुवातीला थोडी शिल्लक हाताशी असावी.

वनस्पतिशास्त्र, विदर्भ
माझी निवड मार्गदर्शकांच्या प्रकल्पातील जागेवर झाली होती. अशा जागेचा पैसा प्रकल्पाच्या मुदतीपुरताच असतो, आणि माझा प्रबंध त्या मुदतीत पूर्ण होणे शक्यच नव्हते. रुजू होण्यापूर्वी मुदत किती उरली आहे, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. राज्यातील विद्यार्थ्यांनी आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. त्या पीएचडीला नोंदणी झालेल्यांसाठी असतात, त्यामुळे नोंदणीची कागदपत्रे आधीच तयार हवीत.

भौतिकशास्त्र, जर्मनी
इथे पीएचडी ही बहुधा नोकरीच असते. जागेची जाहिरात निघते, करार होतो, पगारातून कर आणि आरोग्यविमा कापला जातो. जाहिरातीत ‘टीव्ही-एल 13, 65 टक्के’ असे दिसले, तर त्याचा अर्थ त्या वेतनश्रेणीच्या 65 टक्के पगार असा होतो. प्रयोगशाळेतले काम 65 टक्क्यांवर थांबेल, अशी आशा कोणी धरू नये! मी आधी प्राध्यापकांना सरसकट एकाच मजकुराचे ईमेल पाठवीत असे, ज्यांना उत्तरे क्वचितच येत. पुढे एका गटाचे दोन शोधनिबंध नीट वाचून, त्यांच्या मापनपद्धतीविषयी एक नेमका प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी लवकरच निघणाऱ्या जागेची माहिती कळवली. माक्स प्लांक संस्थांच्या संशोधनशाळांमध्ये अनेक गटांसाठी मिळून एकच अर्ज करता येतो, हे मला फार उशिरा समजले.

जीवशास्त्र, अमेरिका
शिकवणी-शुल्क माफ आणि अध्यापन साहाय्यकाच्या कामाबद्दल विद्यावेतन, अशी माझी व्यवस्था होती. खरा खर्च अर्ज करतानाच झाला. अर्जाच्या शुल्कातून माफीची विनंती विभागाकडे लेखी करता येते. एका विद्यापीठाने ती मान्य केली, बाकीच्यांनी नाही.