पूरनिधीचा करार: कलम ६ आणि ९, रविवारच्या आत बोला

प्रेषक: सुहास (खजिनदार)

मंडळी,

आपल्या मराठी मंडळाने इथे अमेरिकेत जमवलेला पूरनिधी पुण्याच्या संस्थेमार्फत, कोल्हापूरकडच्या शिरोळच्या महिला गटाच्या मदतीने वाटायचा, त्या कराराचा मसुदा सगळ्यांना मिळाला असेल. पुण्याच्या संस्थेचा होकार आलाय. त्यांनी कलम ६ मध्ये फक्त एक ओळ घालायला सांगितली आहे: "क्षेत्रीय कामाचा खर्च स्थानिक गटाने स्वतः सोसावा." मला त्यात काही वावगं दिसत नाही. गणपतीत स्टेजवरून आपण सांगितलंच होतं की पै न् पै पूरग्रस्तांपर्यंत जाईल. रविवारी सह्या करून मोकळं होऊ.

भागीदार-मूल्यमापनाचा तक्ता सोबत जोडलाय. नऊ पानी आहे. शिरोळच्या गटाने दर तिमाहीला भरून पाठवायचा.

हरकत असेल तर आत्ताच सांगा. हॉलच्या डिपॉझिटच्या वेळी झालं तसं ऐन बैठकीत नको.

प्रेषक: मीनल

सुहास, हरकत आहे आणि ती कलम ६ लाच आहे.

कलम ५ मध्ये पुण्याच्या संस्थेचा प्रशासकीय खर्च नीट धरलाय: हिशेबनीस, ऑडिट, ऑफिस. ते योग्यच आहे, फुकटात कोणी का राबावं? पण एक पान उलटलं की शिरोळच्या बायकांनी मात्र पदरमोड करायची. हा नियम एकाला लागू आणि दुसऱ्याला नाही, असं का?

त्यांचं काम काय आहे ते बघा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांच्या वर गेली की कोणत्या गल्लीत आधी पाणी शिरतं, जनावरं कुठे हलवायची, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, हे त्यांना पाठ असतं. सरकारी पंचनाम्यात जे सुटतात (भाडेकरू, शेतमजूर, ज्यांचं घर अजून सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर आहे अशा बायका) त्यांची यादी याच करतात. त्यासाठी नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर अशा फेऱ्या. वडापचं (शेअर जीपचं) भाडं, मोबाइलचा रिचार्ज, झेरॉक्स. शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडते, ती कोणाच्याच खात्यात दिसत नाही.

आणि वर तुमचा तक्ता. पान चार उघडा. प्रत्येक कुटुंबामागे अकरा रकाने, शेवटचा "वस्तू स्वीकारतानाचे छायाचित्र, मंडळाच्या फलकासह". म्हणजे चिखलातून घर उपसणाऱ्या बाईने आधी आपल्या फलकाशेजारी उभं राहायचं.

प्रेषक: अविनाश

फोटोबद्दल मीनलशी सहमत. पण "पै न् पै" हा शब्द आपण दिलाय आणि लोकांनी त्यावर चेक फाडलेत. उद्या कोणी विचारलं की माझ्या शंभर डॉलरमधले किती वडापच्या भाड्यात गेले, तर काय सांगायचं?

प्रेषक: मीनल

खरं तेच सांगायचं. कोणाला काय हवंय याची यादी फुकट तयार होत नाही. यादीविना मदत गेली की काय होतं ते सुनामीच्या वेळी नागपट्टिणमला दिसलं. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कपडे "पोचले" होतेच की, पै न् पै.

प्रेषक: नाना

चिरंजीव अविनाश, या विषयावर थोडं लिहितो, वैशालीने धागा लांबतोय म्हणून ओरडू नये.

१९९३ च्या भूकंपानंतर मी बांधकामाच्या कामानिमित्त लातूरकडे होतो. बावन्न गावं नव्याने वसवली. पैसा जागतिक बँकेचाही होता, बाहेरच्या संस्थाही आल्या. नकाशे सुरेख, रुंद सरळ रस्ते. पण शेत लांब पडलं आणि गोठ्याची, कडब्याची सोय कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. लोक नव्या घराच्या कडेने पत्र्याच्या शेडी टाकायला लागले. याउलट जिथे घरं पाडायची नव्हती, नुसती मजबूत करायची होती, तिथे सरकारने स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणल्या. भिंतीला काय करायचं, सिमेंट आलं का, हप्ता मिळाला का, हे त्या घरोघर बघायच्या. सांगायचा मुद्दा, इंजिनिअर मंडळींना सुरुवातीला ते फारसं रुचलं नव्हतं. मलाही माझ्या साइटवर कोणी विचारणा केलेली आवडत नसे.

तेव्हा कलम ६ ची ती ओळ काढा.

प्रेषक: प्रसाद

नानांचं बरोबर, पण मूळ रोग वेगळाच आहे. कर्नाटकात अलमट्टी धरणाची उंची वाढवायची भाषा चालू आहे आणि आपण रकाने मोजतोय. २०१९ चा पूर कशामुळे आला हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल.

प्रेषक: वैशाली (लिस्ट व्यवस्थापन)

प्रसाद, सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचा ठपका अलमट्टीवर ठेवला नव्हता, आणि हा वाद इथे तीनदा होऊन गेलाय. नवा धागा काढ किंवा प्रत्यक्ष भेटीत भांड. नाना, तुम्हाला कोण ओरडणार!

प्रेषक: सुहास (खजिनदार)

जरा व्यवहाराकडे येऊ. ओळ मी हौसेने घातलेली नाही, पुण्याच्या सीएने घातली आहे. एफसीआरए, म्हणजे भारताच्या परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० ला दुरुस्ती झाली, त्यानंतर परदेशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करताच येत नाही. पूर्वी दोन्ही संस्थांकडे एफसीआरए नोंदणी असली तर चालायचं, आता तेही नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या खात्यातच पडला पाहिजे. शिरोळच्या गटाने स्वतःची नोंदणी करायची म्हटलं तर तीन वर्षांचं काम आणि त्या काळात पंधरा लाख खर्च केल्याचे कागद लागतात. बचत गटांच्या जोरावर चाललेल्या मंडळींनी ते आणायचे कुठून?

आणि इकडे आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) उत्तर मी देतो. पैसे कशावर गेले यावर आपलं नियंत्रण होतं हे कागदोपत्री दाखवावं लागतं. म्हणून तक्ता आहे. मला हौस नाही, मला नोकरीही आहे.

प्रेषक: मीनल

सुहास, तू कागद सांभाळतोस म्हणून मंडळ चाललंय, याबद्दल दुमत नाही. कायद्याचंही बरोबर. पण कायदा गटाला अनुदान द्यायला मनाई करतो, कामाचा मोबदला द्यायला नाही. पुण्याची संस्था त्यांच्यातल्या दोघींना स्वतःच्या मस्टरवर मानधनाने घेऊ शकते, गाडीभाड्याची बिलं थेट भागवू शकते. त्यांच्या सीएला हा नेमका प्रश्न विचार. "सोसावा" असं लिहायला सांगणं सोपं होतं म्हणून त्याने सांगितलंय.

आता मूल्यमापन. माझं पोट याच कामावर चालतं, म्हणून थोडं बोलते. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आणि त्याबाहेरच्या मदतसंस्थांनी मिळून भागीदारीची पाच तत्त्वं मान्य केली: समानता, पारदर्शकता, परिणामांकडे लक्ष, जबाबदारी, परस्परपूरकता. भिंतीवर लावायला छान आहेत. २०१६ ला इस्तंबूलमध्ये मोठ्या देणगीदारांनी ठरवलं की २०२० पर्यंत किमान पाव निधी शक्य तितका थेट स्थानिकांच्या हाती द्यायचा. थेट पोचलेला वाटा जेमतेम काही टक्क्यांतच घुटमळला. नियत वाईट होती असं मी म्हणत नाही. जोखीम कोणी घ्यायची हा प्रश्न आला की जो तो खालच्याकडे बोट दाखवतो.

आपलंही तेच चाललंय. कलम ९ वाचा: "मंडळ कोणत्याही वेळी, कारण न देता, करार थांबवू शकेल." २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत रातोरात रोखली, तेव्हा ज्यांनी माणसं नेमली होती, माल उचलला होता, त्यांची बिलं थकली. आपली रक्कम त्यापुढे चिल्लर आहे, पण शिरोळमधल्या दुकानदाराकडे उधारी गटाच्या नावावर असते. मंडळाला तिथे कोण ओळखतं?

मी भागीदारी तपासायला जाते तेव्हा गुणतक्ता शेवटी बघते. आधी बघते की करारावर सही कोणाची आहे, झालेला खर्च बुडाला तर कोणाचा बुडेल, आणि स्थानिक संस्थेने शेवटचं "नाही" कधी म्हटलं आणि पुढे काय झालं. आपल्या मसुद्यात शिरोळच्या गटाचं नाव वारंवार येतं, सहीला मात्र जागाच नाही. तिसरी सही घाला. आणि मराठीत करा हो करार, मराठी मंडळ ना आपलं?

प्रेषक: अविनाश

मराठीत करायला माझी हरकत नाही, पण भाषांतर कोण करणार? मागच्या वेळी घटनेचं मी केलं आणि वर्षभर ऱ्हस्व-दीर्घावरून मेल येत होते.

प्रेषक: नाना

ते मी पाठवले होते. याही वेळी पाठवीन.

प्रेषक: प्रसाद

एक शंका. गटाने आपल्याला गुण द्यायचे म्हणे, असं मीनल मला फोनवर म्हणाली. ज्याच्याकडून पैसे यायचेत त्याला कोण कमी गुण देईल? माझी आत्या कुरुंदवाडची आहे. पाहुण्याने चहा कसा झालाय विचारलं तर चांगलाच म्हणते.

प्रेषक: मीनल

प्रसाद, तुझी ही शंका मात्र खरी आहे, आणि मोठमोठ्या संस्थांची अशी उलटी सर्वेक्षणं याच कारणाने गुळमुळीत होतात. म्हणून गुण नकोत. तीन साधे प्रश्न, विचारणारं माणूस पुण्याचं नको आणि मंडळाचंही नको: पैसे कबूल तारखेला आले का? मधेच काही बदलायला सांगितलं का, आणि तेव्हा तुम्हाला विचारलं का? आमच्या कागदांत किती दिवस गेले? उत्तरं नावाविना या लिस्टवर टाकायची, आपल्याला कितीही झोंबली तरी.

प्रेषक: सुहास (खजिनदार)

ठीक. पुण्याच्या सीएशी बोललो. मानधन आणि बिलं थेट भागवायला त्याची ना नाही, मात्र कामाचं पत्र आणि पावत्या हव्यात. त्यामुळे:

कलम ६ ची ओळ गेली. "क्षेत्रीय कामाचे मानधन व प्रवासखर्च प्रकल्पखर्चात धरावा" अशी आली.

कलम ९: थांबवायचं तर साठ दिवसांची सूचना, आणि तोवर झालेला खर्च द्यायचा. मीनलला नव्वद हवे होते, मी नव्वद देणार नाही, निधी तेवढा पुरत नाही.

तिसरी सही घालतोय. तक्ता नऊ पानांवरून दोनवर आणलाय, मंडळाच्या फलकाचा फोटो काढला, पण वस्तूंच्या पावत्या राहतील. त्यावर चर्चा नको.

स्टेजवरच्या "पै न् पै" चं काय करायचं ते सुटलेलं नाही. देणगीदारांना पत्र जायला हवं आणि ते अविनाशने लिहावं, कारण घोषणा त्याचीच होती.

प्रेषक: अविनाश

घोषणा माझी, पण वाक्य लिहून सांस्कृतिक समितीने दिलं होतं. वैशाली?