निवडणुकीच्या ड्युटीचे ४८० डॉलर रिटर्नमध्ये कुठे दाखवायचे?

सातारची_लेक:
नमस्कार मंडळी, आम्ही कॅलिफोर्नियात असतो, माझं ग्रीन कार्ड आहे. मत देता येत नाही, पण इथे ग्रीन कार्डवाल्यांना मतदान केंद्रावर काम करता येतं हे कळल्यावर मी २०२४ मध्ये मार्चच्या प्रायमरीला (उमेदवार ठरवायची आधीची निवडणूक) आणि ५ नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीला अशी दोन्ही वेळा गेले. बाबा झेडपीच्या शाळेत मास्तर होते, निवडणूक आली की मतपेट्या घेऊन कुठल्यातरी वाडीवर मुक्कामाला जायचे, त्यामुळे पहाटे ६ ला शाळेच्या जिममध्ये टेबलं मांडताना आणि रात्री ८ ला दार लावून मतपत्रिकांचा हिशेब जुळवताना सारखी त्यांचीच आठवण येत होती.
तर ट्रेनिंग धरून दर वेळी २४० चा चेक आला, म्हणजे ४८०. डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक फॉर्म) नाही, १०९९ (पगाराशिवाय मिळालेल्या पैशांचा फॉर्म) नाही, काहीच कागद नाही. टॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये सेल्फ एम्प्लॉयमेंटखाली (स्वतःचा धंदा) टाकलं तर इन्कम टॅक्स सोडून वर आणखी ६८ डॉलर लागले. नवरा म्हणतो फॉर्मच नाही तर दाखवायचं कशाला. मला लपवायचं नाहीये, पुढे सिटिझनशिपचा अर्ज करायचाय. कुठे दाखवू?

आकडेमोड:
ताई, आधी ते सेल्फ एम्प्लॉयमेंटमधून काढा! तुमचा धंदा नाहीये तो. आयआरएस (इथलं आयकर खातं) पोल वर्करला, म्हणजे मतदान केंद्रावर काम करणाऱ्याला, सरकारी कर्मचारीच धरतं, त्यामुळे शेड्यूल सी चा, म्हणजे धंद्याच्या फॉर्मचा, संबंध नाही. ते ६८ आले कुठून तर धंद्याचा नफा ४०० च्या वर गेला की साधारण १५.३ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर (पेन्शन आणि आरोग्य विम्याचा कर) बसतो, तो सॉफ्टवेअरने लावला. पोल वर्करला तो २०२४ साठी एका वर्षात २,३०० डॉलर झाले तरच लागतो, आणि तेव्हाही काउंटीच (इथला जिल्हा) कापून घेते.
पण भाऊजींचं बरोबर नाही. २०२४ साठी ६०० ची मर्यादा होती ती फक्त फॉर्म पाठवायची. पैसे पहिल्या डॉलरपासून उत्पन्नच, इन्कम टॅक्स भरायचाच. माझं सॉफ्टवेअर डब्ल्यू-२ शिवाय पगार घेईना म्हणून मी शेड्यूल १ च्या ८झेड या 'इतर उत्पन्न'च्या ओळीत 'इलेक्शन वर्कर' लिहून टाकले. चेकचे फोटो आणि काउंटीचं पत्र जपून ठेवा.

अकरा_दिवस:
आमच्याकडे व्होट सेंटर (बरेच दिवस चालणारं मतदान केंद्र) असतं, मी सगळे ११ दिवस केले, १,९०० च्या आसपास झाले म्हणून डब्ल्यू-२ आला. त्यात १ नंबरच्या खान्यात रक्कम, २ मध्ये (कापलेला इन्कम टॅक्स) शून्य, ३ ते ६ (सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे) रिकामे, बघून वाटलं चुकीचा छापलाय. चूक नाही ती, या पैशातून इन्कम टॅक्स आधी कापत नाहीत, म्हणून एप्रिलमध्ये रिटर्न भरताना लागतील तेवढे थोडे बाजूला काढून ठेवावे लागतात. मी २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये बसतो, टॅक्सचे ४०० च्या वर गेले, तयारी नव्हती. या हिशेबाने ताईंना ४८० वर शंभरेक लागतील, शिवाय कॅलिफोर्नियाचा वेगळा.

पुण्याहून_फ्रीमाँट:
एच-१बी वर करता येतं का हो? आणि मुलगा १६ चा आहे, शाळेतून त्याला विचारलंय, त्याला पण रिटर्न भरावा लागेल?

आकडेमोड:
एच-१बी वर नाही, सिटिझन किंवा ग्रीन कार्डच लागतं. मुलाची दुसरी काही कमाई नसेल तर भरायची गरज नाही, हे कष्टाचं उत्पन्न आहे आणि डिपेंडंट (तुमच्यावर अवलंबून) असला तरी कमाई अधिक ४५० एवढं डिडक्शन (वजावट) २०२४ साठी मिळतं, सगळं त्यातच जातं. तुमच्या रिटर्नमध्ये त्याचे पैसे घालू नका. तो सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर पाठवा मात्र नक्की, रात्री मतपत्रिका मोजून सह्या होतात ते त्याने डोळ्यांनी बघावं.

सातारची_लेक:
शेड्यूल सी काढून टाकलं, ८झेड मध्ये घातलं, ६८ गेले. नवऱ्याला तुमचं उत्तर वाचून दाखवलं, त्याने लगेच दोन्ही चेकचे फोटो प्रिंट करून फाइलला लावले. आज रात्री ई-फाइल करते.