'पाखंडी' ही मुळात शिवीच होती का?

प्रश्न :
आम्ही मानेवाड्याचे, घर महानुभाव. आजी दरवर्षी रिद्धपूरला जायची, घरी येणाऱ्याला 'दंडवत प्रणाम' म्हणायची. पंचकृष्णांशिवाय, म्हणजे पंथानं मानलेल्या पाच अवतारांशिवाय, दुसऱ्या देवतेची पूजा आमच्याकडे होत नाही. परवा एका लग्नाच्या पंगतीत वडीलधाऱ्या नातलगानं सगळ्यांसमोर आईला म्हटलं, "तुम्ही तर पाखंडी!" आई तशीच ताटावरून उठली. रात्रभर डोळा लागला नाही तिचा. मला कोणाशी भांडायचं नाही, पण हा शब्द आला कुठून? 'पा' म्हणजे वेदधर्म, त्याचं खंडन करणारा तो पाखंडी, असं एकानं सांगितलं. खरं आहे का?

उत्तर १ :
ताई, मी पाली शिकवतो. ती फोड मागाहून जुळवलेली आहे. जुना शब्द 'पासंड', त्यात 'खंड' नाहीच. संस्कृतात त्याचा 'पाषंड' झाला, आणि उत्तरेकडे 'ष' चा 'ख' होतो, जसं भाषा-भाखा, वर्षा-बरखा. तसा 'पाखंड' झाला आणि मग लोकांना त्यात खंडन दिसू लागलं.

अर्थ होता नुसता पंथ. अशोकाच्या गिरनारच्या सातव्या लेखात इच्छा आहे, 'सवे पासंडा वसेयु', सगळे पंथ सगळीकडे नांदोत. बाराव्यात तो बजावतो की आपल्या पंथाची थोरवी गाऊन दुसऱ्याला नावं ठेवणारा आपल्याच पंथाचं नुकसान करतो. आणि आईला हे नक्की सांगा : दिल्ली-टोपरा स्तंभाच्या सातव्या लेखात पासंडांची जी नावं येतात त्यांत बौद्ध संघ, आजीवक (त्या काळचा एक संन्यासी पंथ), निर्ग्रंथ म्हणजे जैन आहेत आणि ब्राह्मणही आहेत! कंदाहारच्या ग्रीक लेखात याच शब्दासाठी तत्त्वज्ञांच्या शाळेचा शब्द वापरलाय. मनुस्मृतीत (४.३०) मात्र पाषंड्यांचा शब्दानंही सत्कार करू नये असं आहे. म्हणजे तोवर शब्द बाटला होता.

उत्तर २ :
तुमच्या घरातच एक शब्द आहे ताई, आम्नाय. चक्रधरस्वामींच्या पंथाला पुढे फाटे फुटले, त्यांना आम्नाय म्हणतात. तेरा सांगतात, आज मुख्य दोन : उपाध्ये आणि कवीश्वर. संस्कृतात आम्नाय म्हणजे पाठ करत करत पुढच्या पिढीच्या हाती दिलेलं. वेदालासुद्धा आम्नायच म्हणतात. वेगळं झालेल्यांनी आपल्या फाट्याला हे नाव ठेवलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुमचा कोणता?

प्रश्नकर्ती :
आईला सगळं वाचून दाखवलं. ब्राह्मणांचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं. आम्नाय विचारला तर लगेच म्हणाली, "आपण कवीश्वर, तुले माहीत नव्हतं काय?" नव्हतं. आता आजीच्या पाठाच्या वहीत, मागच्या कोऱ्या पानावर, ती 'सवे पासंडा वसेयु' लिहून घेते आहे.