दुसऱ्यांच्या शंका सोडवल्याने आपले प्रोग्रामिंग पक्के होते का?

तांबडीमाती (देवगड)

नमस्कार. पदवीनंतर घरचा आंब्याचा व्यवसाय सांभाळत मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत आहे. वाशीच्या बाजारातून येणाऱ्या पट्ट्यांवरून (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांवरून) हमाली, गाडीभाडे आणि इतर कपात वजा करून पेटीमागे हातात नेमके किती पडले, हे काढणारा छोटा प्रोग्राम लिहिला असून तो व्यवस्थित चालतो. गावात या विषयातले विचारण्याजोगे कोणी नसल्यामुळे अडले की ऑनलाइन समूहात विचारते. अलीकडे तेथील जुने सदस्य आग्रह करत आहेत की, आता नवशिक्यांच्या शंकांना मीही उत्तरे द्यावीत. जिचे स्वतःचेच ज्ञान अर्धे आहे तिने दुसऱ्याला सांगणे कितपत योग्य, आणि तोच वेळ स्वतःच्या अभ्यासाला दिला तर अधिक लाभ होणार नाही का?

खाडीकाठ (रत्नागिरी)

अवश्य उत्तरे द्यावीत, असे माझे मत आहे. त्यामागचे कारण मात्र परोपकाराचे नाही. आमच्या समूहात एका विद्यार्थ्याने विचारले की, ‘हापूस’ हा शब्द उलटा केल्यावर पायथन ‘सपूहा’ न देता ‘सूपाह’ का देतो. मात्रा ही स्वतंत्र खूण म्हणून साठवली जाते, त्यामुळे ‘हापूस’ची लांबी तीन नव्हे तर पाच भरते आणि उलटताना मात्रा शेजारच्या अक्षराला जाऊन चिकटते, एवढे मला ठाऊक होते व तेवढे लिहून मी मोकळा झालो असतो. पण त्याने लगेच पुढे विचारले की, मग बरोबर उलटायचे कसे, आणि ‘क्ष’चे काय करायचे? तेव्हा कुठे मी ‘ग्राफीम क्लस्टर’ म्हणजे काय ते नीट वाचले. वाचकाला एक अक्षर वाटणारा खुणांचा गट कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याचे नियम युनिकोडने, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याच्या जागतिक मानकाने, ठरवलेले आहेत. देवनागरी जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम त्यांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, म्हणून जुन्या साधनांत ‘क्ष’ अजूनही दुभंगलेला सापडतो. माझा स्वतःचा प्रोग्राम व्यवस्थित चालत असताना या वाटेला मी कशाला गेलो असतो? आपल्याला पडणारे प्रश्न आपल्याच कामापुरते असतात. दुसऱ्याचा प्रश्न आपल्याला आपल्या कुंपणाबाहेर नेतो.

परशुरामघाट (चिपळूण)

खाडीकाठ यांचे म्हणणे मान्य आहे, तरी अर्ध्या ज्ञानाची शंका इतकी सहज बाजूला सारू नये. डिसेंबर २०२२ मध्ये ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने चॅटजीपीटीने लिहिलेल्या उत्तरांना मनाई केली, ती ती उत्तरे दिसायला बरोबर आणि प्रत्यक्षात अनेकदा चुकीची असत म्हणून. घाईघाईने लिहिणाऱ्या माणसाचे उत्तरही त्याच जातीचे असू शकते. म्हणून मी एकच पथ्य सांगेन: जो कोड आपण स्वतः चालवून पाहिलेला नाही, तो उत्तरात लिहू नये. कोणी विचारले की, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ शी तुलना केल्यावर पायथन ‘फॉल्स’ (असत्य) का म्हणतो, तर ‘राउंड वापरा’, म्हणजे आकडा पूर्णांकित करा, एवढे सांगून सुटू नका. बेरीज छापून ०.३०००००००००००००००४ हा आकडा त्याला दाखवा आणि दशांशातील ०.१ संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ या अंकांच्या) पद्धतीत मोजक्या अंकांत का मांडता येत नाही, ते कागदावर करून पाहा. तसेच गुण आणि शाबासकीच्या मागे लागून दिवसाला ढीगभर सोपी उत्तरे देणारेही दिसतात. त्यांचा हात टंकलेखनात तेवढा बसतो.

कोकणकन्या (सावंतवाडी)

प्रश्न विचारण्यातही तितकेच शिक्षण आहे, हे येथे कोणी म्हटले नाही. मदत मागताना संपूर्ण प्रोग्राम चिकटवू नये, चूक जेवढ्या कमीत कमी ओळींत दिसेल तेवढाच भाग द्यावा, असा सर्वत्र शिष्टाचार आहे. पट्टीच्या प्रोग्राममधून एकेक ओळ काढत गेलात, तर प्रश्न पाठवण्याआधीच चूक सापडण्याचा संभव बराच असतो. आणखी एक: आधी मराठीत समजावून पाहा. इंग्रजी संज्ञांच्या आड न समजलेला भाग सहज लपतो, मराठीत तो उघडा पडतो.

तांबडीमाती (देवगड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल एका मुलीची शंका हाती घेतली. पायथनने तयार केलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेला साधा तक्ता) एक्सेलमध्ये उघडल्यावर तिला मराठीऐवजी भलतीच चिन्हे दिसत होती. फाइल लिहिताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) ‘यूटीएफ-८-सिग’ द्यावे, हे मला माहीत होते. परशुरामघाट यांच्या सूचनेप्रमाणे चालवून पाहिले आणि एक्सेलमध्ये अक्षरे नीट दिसली. मात्र तीच फाइल साध्या ‘यूटीएफ-८’ने परत वाचली, तेव्हा ‘तारीख’ हा पहिला स्तंभच पायथनला सापडेना.

खाडीकाठ (रत्नागिरी)

‘सिग’मुळे फाइलच्या अगदी आरंभी एक न दिसणारी खूण लिहिली जाते व ती ‘तारीख’ला चिकटलेली आहे. स्तंभाचे नाव ‘रेप्र’ने (लपलेल्या खुणाही दाखवणाऱ्या पायथनच्या आज्ञेने) छापून पाहा म्हणजे ती दिसेल. वाचतानाही ‘यूटीएफ-८-सिग’च द्या, आणि त्या मुलीला दोन्ही गोष्टी कळवा.